पेवं दहा, नदी एक

सांगलीच्या विश्रामबागेत कुणी निवृत्त झालं आणि फंडाचा पैसा हातात आला की सल्ला ठरलेला. शेअर बाजाराच्या नादी लागू नका, पैसा बुडतो. बँकेत ठेवा. थोडा पतसंस्थेत टाका, एक टक्का जास्त मिळतोय की. उरला तर कुपवाडच्या बाजूला दोन गुंठे बघून ठेवा, जमीन कुठं पळून जात नाही. सल्ला देणारी माणसं आपलीच असतात, हेतूही स्वच्छ असतो. तरीही हा सल्ला धोक्याचा आहे. बाजार रोज हलताना दिसतो म्हणून त्याची भीती वाटते, आणि जे हलताना दिसत नाही ते सुरक्षित असं आपण धरून चालतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या समजुतीची किंमत रोख मोजली आहे.

उजळणी करू.

१९९२. रोखे घोटाळा मुंबईत फुटला आणि त्यात नाव निघालं बँक ऑफ कराडचं. हाती रोखे नसताना बँक पावत्या दिल्या गेल्या होत्या. बँक अवसायनात निघाली, १९९४ मध्ये तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. कराडच्या साध्या ठेवीदाराने दलाल स्ट्रीट कधी पाहिलीही नसेल. पण दलाल स्ट्रीट त्याच्या पासबुकापर्यंत चालत आली.

२००६. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, स्थापना १९३६. २ सप्टेंबरला तिचे व्यवहार स्थगित झाले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवी वाचल्या. भागधारकाच्या हातावर शेअरमागे २८ रुपये पडले आणि विषय संपला.

२००७. सांगली बँक, स्थापना १९१६. एप्रिलमध्ये ती आयसीआयसीआय बँकेत गेली. सांगली बँकेच्या ९२५ शेअरच्या बदल्यात आयसीआयसीआयचे १०० मिळाले.

पुढे सांगलीच्याच वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. मग कराड जनता सहकारी बँक. नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध आले, डिसेंबर २०२० मध्ये परवाना गेला. मधली तीन वर्षं ठेवीदार कुलपाबाहेर उभा.

ही सगळी नावं ‘सुरक्षित’ या रकान्यातली होती. कुणाच्याही वडिलांनी ‘तिथं काही होणार नाही’ म्हणून सांगितलेली.

आता सातारा आणि सांगलीच्या त्या दोन बँकांकडे जरा जवळून बघा, कारण जोखमीचा अर्धा धडा तिथं आहे. दोन्ही जुन्या, दोन्ही आपल्या भागातल्या, साडेसहा महिन्यांच्या अंतराने दोघींचं विलीनीकरण. युनायटेड वेस्टर्नच्या भागधारकाचा हिशेब २८ रुपयांवर मिटला. सांगली बँकेचे ९२५ शेअर बाळगणाऱ्याला आयसीआयसीआयचे १०० मिळाले, तेव्हा भाव आठशे-नऊशेच्या घरात होता. पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली. सप्टेंबर २००८ च्या अखेरीस आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा उठल्या, एटीएमसमोर रांगा लागल्या, रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. मार्च २००९ मध्ये तोच शेअर तीनशेच्या खाली होता. ज्यांना घरात लग्न होतं, आजारपण होतं, किंवा नुसता धीर सुटला, त्यांनी तिथं विकला. ज्यांना त्या पैशाची गरज नव्हती ते थांबले. २०१४ मध्ये एका शेअरचे पाच झाले, २०१७ मध्ये दहाला एक बोनस मिळाला, म्हणजे १०० चे ५५० झाले. २०२४ च्या अखेरीस भाव बाराशेच्या वर होता. नव्वद हजारांच्या आसपासचे साडेसहा लाखांवर गेले, लाभांश वेगळा.

एकाला २८ रुपये, दुसऱ्याला अनेक पट. साताऱ्याचा भागधारक कमी हुशार होता म्हणून असं झालं का? मुळीच नाही. २००५ साली या दोघांना समोरासमोर बसवून कुणाचं काय होणार हे कुणीच सांगू शकलं नसतं. एका कंपनीवर सगळा डाव लावला की निकाल नशिबाच्या हाती जातो. आणि चांगला निकाल लागला तरी तो घरी नेण्यासाठी मधली पडझड सोसायची ऐपत लागते. ही दोन वाक्यं ज्याला कळली त्याला निम्मी गुंतवणूक कळली.

उरलेली निम्मी हरिपूरच्या पेवांत आहे. सांगलीची हळद पिढ्यान्‌पिढ्या हरिपूरच्या मातीत खोल खणलेल्या पेवांत राहिली. आत हवा नाही, कीड नाही, चोरी नाही, वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. व्यापारी निश्चिंत, कर्ज देणारी बँकही निश्चिंत. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि हळद मातीमोल झाली. एखाद्याची एक सोडून दहा पेवं असली तरी काय? माल दहा ठिकाणी ठेवला असं त्याला वाटत होतं. पेवं दहा होती, पण नदी एकच होती.

विश्रामबाग नदीपासून लांब आणि उंचावर. २००५ ला आणि २०१९ ला गावभागातली कितीतरी कुटुंबं इकडच्या नातेवाइकांकडे आली. पाण्यापासून आपण सुरक्षित आहोत. पैशाच्या बाबतीत मात्र आपण हरिपूरच्या काठावरच बसलो आहोत.

विश्वास बसत नसेल तर आपल्याच गल्लीतल्या एखाद्या घराची मांडणी करून बघा. बंगला विश्रामबागेत. प्लॉट कुपवाडजवळ. ठेवी सांगलीच्याच एका सहकारी बँकेत. त्याहून थोड्या पतसंस्थेत, कारण संचालक ओळखीचे. गावाकडे द्राक्षबाग, तिच्यावर त्याच बँकेचं कर्ज. मुलाचं दुकान शंभर फुटी रस्त्याला, गिऱ्हाईक याच परिसरातलं. कागदावर सहा प्रकारची मालमत्ता दिसते. पण द्राक्षाला अवकाळी झोडपून काढतो तेव्हा काय होतं? बागायतदाराचा हप्ता थकतो, बँकेचं कर्ज थकीत होतं, पतसंस्थेची वसुली बसते, दुकानातलं गिऱ्हाईक आटतं, आणि तुम्हाला प्लॉट विकायचा असतो तेव्हाच घेणारा उरत नाही. सहाही गोष्टी एकाच आठवड्यात आजारी पडतात. पंधरा किलोमीटरच्या आत आयुष्यभराची कमाई कोंडून आपण तिला ‘सुरक्षित’ म्हणतो.

जोखीम कमी करायची म्हणजे चांगली गुंतवणूक शोधत फिरायचं असं बहुतेकांना वाटतं. आधी करायचं काम वेगळंच आहे. आपल्याकडच्या कोणत्या दोन गोष्टी एकाच कारणाने बुडू शकतात, ते शोधायचं. त्यातली एक हलवायची.

ठेवींपासून सुरुवात करू, कारण तिथलं अज्ञान सगळ्यात महाग पडतं. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण १ मे १९९३ पासून एक लाखाचं होतं. ते पाच लाख झालं ४ फेब्रुवारी २०२० ला, आणि तेही सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येतील असं कळल्यानंतर. कराड जनताचा परवाना २०२० च्या डिसेंबरात गेला, म्हणून तिथल्या ठेवीदाराला पाच लाखांचं छत्र मिळालं. तोच परवाना वर्षभर आधी गेला असता तर छत्र एक लाखाचंच असतं. तारखेच्या फरकाने एखाद्याची म्हातारपणाची सोय टिकते किंवा जाते, यावर कुणी शांत झोपू नये.

आणि पाच लाख म्हणजे नेमके कसे, हे ठेव पावत्या समोर ठेवून तपासा. एकाच बँकेत एकाच नावाने चार-चार लाखांच्या पाच पावत्या असतील तर प्रत्येक पावतीला वेगळा विमा नाही. एक ठेवीदार, एक बँक, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख. पावत्या पाच आहेत म्हणून समाधान मानणाऱ्याचे वीस लाखांतले पंधरा उघड्यावर आहेत. नवऱ्याच्या एकट्याच्या नावाची ठेव, बायकोच्या एकटीच्या नावाची आणि दोघांची संयुक्त, या तिन्हींना मात्र वेगवेगळं संरक्षण मिळतं. त्याहून बरं म्हणजे बँकाच वेगळ्या करा, आणि त्यातली निदान एक अशी ठेवा जिचं पोट आपल्या जिल्ह्याच्या पिकावर चालत नाही.

पतसंस्थेला हा विमा लागू नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालते, तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो आणि ठेव विमा महामंडळाचं छत्रही नसतं. चांगल्या पतसंस्था आहेत, त्यांनी गरजूला सावकाराच्या दारातून सोडवलं आहे, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण जादाचा एक टक्का आकाशातून पडत नाही. तो विमा नसल्याचा मोबदला आहे. संचालक आपल्या गावचा असणं हे तारण होत नाही. म्हणून तिथं तेवढंच ठेवा जेवढं दोन-तीन वर्षं अडकलं तरी घर चालेल.

आता ज्यांचे सगळे पैसे चांगल्या, मोठ्या बँकेत आहेत त्यांचा प्रश्न. तुमची मुदलाची काळजी मिटली, महागाईची सुरू झाली. आज महिना तीस हजारांत चालणाऱ्या घराला, महागाई सरासरी ६ टक्के धरली, तर २५ वर्षांनी जवळजवळ एक लाख एकोणतीस हजार लागतील. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या जोडप्यात एक जण पंच्याऐंशीपर्यंत जगणं आता नवल राहिलेलं नाही. शिवाय व्याजही कायम राहत नाही. १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत पीपीएफवर १२ टक्के मिळत होते. एप्रिल २०२० पासून ७.१ मिळतात. ‘व्याजावर आरामात जगू’ म्हणून गणित मांडलेल्या पिढीचं उत्पन्न कुणीही फसवणूक न करता, सरकारी शिक्क्यानिशी आटलं. पासबुकातला आकडा कमी झाला नाही म्हणून ते नुकसान दिसलं नाही, इतकंच.

म्हणून दीर्घ मुदतीच्या पैशातला काही भाग वाढणाऱ्या धंद्यांत, म्हणजे शेअरमध्ये, हवाच. पण बाजाराची भलामण करणारे जे अर्धसत्य विकतात तेही इथंच मोडून काढायला हवं. ‘दहा वर्षं ठेवा, डोळे झाका, नुकसान होतच नाही.’ होतं. २२ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ४,४६७ वर होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो तीन हजारांच्या आसपास होता. जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ चं शिखर ओलांडलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं! नुसतं थांबणं पुरत नाही. शिखरावर एकरकमी शिरलेल्याला काळही लवकर सोडवत नाही, आणि एक अख्खा देशसुद्धा एकच नदी ठरू शकतो.

त्यावर उतारा आहे, आणि तो कंटाळवाणा आहे. एका कंपनीऐवजी निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या एकत्र घेणारा कमी खर्चाचा इंडेक्स फंड. एकदम टाकण्याऐवजी दरमहा ठराविक रक्कम. १९९२ ते २००३ या काळात सेन्सेक्स बहुतेक वेळ अडीच ते पाच हजारांच्या पट्ट्यात घुटमळला. दरमहा थोडं थोडं घेणाऱ्याला त्यातले कितीतरी महिने स्वस्तात मिळाले. २००३ च्या अखेरीस सेन्सेक्स ५,८३८ ला पोचला तेव्हा तो, शिखरावर एकरकमी टाकलेल्यापेक्षा, कितीतरी बऱ्या जागी होता.

दुसरा उतारा वाटणीचा. जानेवारी २००८ ते मार्च २००९ या चौदा महिन्यांत सेन्सेक्स २०,८७३ वरून ८,१६० वर आला, साठ टक्क्यांहून जास्त पडला. ज्याचे दहा लाख सगळेच तिथं होते त्याचे चारही धड उरले नाहीत. मूळ जागी यायला त्याला दीडशे टक्क्यांहून जास्त वाढ हवी होती. ज्याने पाच लाख ठेवीत आणि पाच शेअरमध्ये ठेवले त्याच्याकडे व्याज न धरताही सात लाखांच्या जवळपास राहिले, त्याला हवी होती पंचेचाळीस टक्क्यांच्या आतबाहेर. पडझड दोघांनी पाहिली. एकाची झोप उडाली, दुसऱ्याची नुसती चुकचूक झाली. आणि घाबरलेला माणूस तळाला विकतो, हे सांगली बँकेच्या शेअरच्या गोष्टीत आपण वर पाहिलंच.

ही वाटणी वर्षातून एकदा जागेवर आणायची. शेअरचा भाग फुगला तर तेवढा विकून ठेवीत टाकायचा, आकसला तर ठेवीतून भर घालायची. ज्या पैशाची पाच वर्षांत गरज आहे, मुलीचं शिक्षण, घराची डागडुजी, ठरलेलं ऑपरेशन, त्यातला रुपयाही शेअरमध्ये नको. निवृत्ती तोंडावर आली असेल तर शेअरचा भाग दोन-तीन वर्षं आधीपासून हळूहळू उतरवत न्या, कारण निवृत्तीच्या साली आलेली मंदी आणि तिशीत आलेली मंदी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिशीतला पगारातून भरून काढतो. साठीतला मुद्दल खाऊन जगतो.

फसवणुकीबद्दल मोजकंच, कारण तिथं जोखीम समजून घेण्यासारखं काही नसतं, फक्त पळून जायचं असतं. २०१९ मध्ये तेव्हाच्या इस्लामपुरातलं कडकनाथ कोंबडीचं प्रकरण उघड झालं. पिल्लं कंपनी देणार, अंडी आणि पक्षी कंपनीच घेणार, म्हणजे विकणाराही तोच आणि गिऱ्हाईकही तोच. शेतकऱ्यांचे पैसे अडकले. महिन्याला दहा टक्के देतो म्हणणारे अजूनही चौकाचौकांत भेटतात. त्यांना गणित घालून द्या. महिना दहा टक्क्यांनी एक लाखाचे दहा वर्षांत ९२७ कोटी होतात. ज्याच्याकडे ही विद्या आहे तो तुमच्या एक लाखासाठी चहा पाजत कशाला बसेल? आणि वालचंद, विलिंग्डन कॉलेजच्या पोरांनो, फ्युचर्स-ऑप्शन्सच्या अ‍ॅपवर रात्री जागवणाऱ्यांनो, सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल वाचा. तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारातल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. याला दीर्घ मुदतीची गुंतवणूक म्हणून आईबापांकडे पैसे मागू नका.

मला राग कशाचा येतो ते सांगते. या गावातली माणसं पै-पै जोडण्यात कुठंच कमी पडत नाहीत. शिक्षक, कारकून, नर्स, साखर कारखान्यातले फिटर, हळदीच्या अडतीवरचे मुनीम, यांनी पोटाला चिमटा काढून पैसा साठवला. कष्टात कसूर नव्हती, काटकसरीत नव्हती. कमी पडली ती एक कागदावरची मांडणी, जी त्यांना ना शाळेत कुणी शिकवली, ना बँकेच्या काउंटरवर कुणी करून दाखवली. वर संचालक मंडळाच्या चुकीची शिक्षा मात्र त्यांनी भोगली.

तेव्हा येत्या रविवारी एक कोरा कागद घ्या, नवरा-बायको दोघं बसा. डावीकडे प्रत्येक मालमत्ता लिहा, घर, प्लॉट, पावती, सोनं, फंड, विमा. मधे रक्कम. उजवीकडे लिहा, हे कशावर अवलंबून आहे: कुठली बँक, कुठलं पीक, कुठलं गाव, कुणाचा शब्द. प्रत्येकापुढे वारसाचं नाव लावलंय का तेही लिहा, कारण ज्या ठेवीची बातमी घरच्यांना नाही ती कितीही सुरक्षित असली तरी त्यांच्यापुरती बुडालेलीच. उजव्या रकान्यात एकच उत्तर तीनदा आलं की तिथं हात घाला. सगळं एका दिवसात हलवायचं नाही. मुदत संपेल तशी एकेक पावती दुसरीकडे न्यायची, दोन-तीन वर्षांत चित्र बदलतं.

आणि पुढच्या वेळी कुणीही, बँकवाला, एजंट, मेहुणा किंवा टीव्हीवरचा तज्ज्ञ, ‘इथं धोकाच नाही’ म्हणाला, तर व्याज किती हे विचारू नका. हे बुडालं तर माझं आणखी काय काय याच्याबरोबर बुडेल, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर ‘बरंच काही’ असेल, तर पैसा तिथून उचला, समोर कितीही ओळखीचा माणूस बसलेला असो.